‘पडलं की पाडलं?’ : सहाव्या आठवड्यात अंगावरून जाऊ लागलेल्या एका बाईची केस

बाई ३१ वर्षांची. एमआयडीसीतल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पॅकिंगला. पहिला मुलगा चार वर्षांचा, नॉर्मल डिलिव्हरी. दोन वर्षांपूर्वी दिवस राहून दीड महिन्यातच पडलं होतं. तेव्हा सोनोग्राफी झालीच नाही. ‘स्कूटीच्या हादऱ्यानं पडलं’ असं घरात ठरलं आणि स्कूटीची किल्ली सासूबाईंच्या डब्यात गेली. आता पुन्हा दिवस गेलेले. शेवटच्या पाळीला ४३ दिवस झालेले, घरी किटवर दोन रेघा आलेल्या, आणि आदल्या संध्याकाळपासून डाग लागत होते.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं छोटं प्रसूतिगृह आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात सकाळीच दुसरीकडे केलेल्या सोनोग्राफीचा कागद होता. पोटावरून केलेली सोनोग्राफी, त्यात गर्भाची रिकामी थैली, शेरा ‘वाढ नाही’, आणि खाली पेनाने लिहिलेलं : उद्या सकाळी सफाईसाठी उपाशीपोटी येणे. तिची जाऊ माझ्याकडे बाळंत झालेली होती, म्हणून ‘एकदा मॅडमना दाखवू’ एवढ्यावर हे लोक आले.

ती काहीच बोलत नव्हती. सासूबाई बोलत होत्या. आणि त्यांचा पहिला प्रश्न असा होता : “मॅडम, हे पडतंय का पाडायला लागणारे?”

मराठीत या दोन शब्दांत एका कान्याचा फरक आहे. पडणं आपोआप होतं, पाडणं कोणीतरी करतं. पण ‘गर्भपात’ या शब्दात दोन्ही बसतात, आणि ‘अबॉर्शन झालं’ म्हटलं की ऐकणारा आपल्याला हवा तो अर्थ घेतो. या केसमध्ये पुढचे चाळीसेक दिवस आम्ही सगळे या एका कान्याभोवतीच फिरत होतो.

पहिला दिवस

सुरुवातीच्या तीन महिन्यांत अंगावरून जाणं फार नवलाचं नाही. साधारण चारातल्या एका गरोदर बाईला कधी ना कधी डाग लागतात किंवा रक्त जातं. त्यातल्या जवळपास निम्म्या जणींचं गरोदरपण पुढे सुरळीत चालू राहतं. हे आकडे मी त्या तिघांना, म्हणजे तिला, नवऱ्याला आणि सासूबाईंना, पहिल्या पाच मिनिटांत सांगितले. कारण घरातून निघतानाच सगळे ‘गेलं’ असं धरून आले होते.

पण मी स्वतः त्या पाच मिनिटांत वेगळ्याच गोष्टीचा विचार करत असते, आणि तो गर्भ टिकेल की नाही याचा नसतो. गर्भ पिशवीतच आहे ना, हा असतो. शंभर गरोदरपणांत एक-दोन वेळा गर्भ नळीत रुजतो. नळी फुटली तर बाई तासाभरात हातची जाऊ शकते. माझ्या उमेदवारीच्या काळात एक बाई ‘पाळीसारखंच थोडं थोडं जातंय’ म्हणत ओपीडीच्या बाकावर बसली होती. तिला खांदा दुखत होता. तिने सांगितलं, आणि कोणीतरी गॅसची गोळी दिली. पोटात रक्त साचलं की ते श्वासपटलाला टेकतं आणि कळ खांद्यात येते. ती बाई वाचली, पण ऑपरेशन टेबलावर तिच्या पोटातून निघालेलं रक्त मी आजही विसरलेले नाही. तेव्हापासून दिवस गेलेल्या आणि अंगावरून जाणाऱ्या प्रत्येक बाईला मी चार प्रश्न विचारते : एकाच बाजूला दुखतं का, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली का, खांदा दुखतो का, शौचाला बसताना खाली कळ येते का. हिची चारही उत्तरं नाही अशी होती. नाडी ८४, रक्तदाब ११० वर ७०. मग मी जरा निवांत झाले.

मग तिलाच विचारलं, किती पॅड लागले? एकच, तोही पुरता भिजला नव्हता. रंग तपकिरी. मधुमेह, थायरॉइड? माहीत नाही. तंबाखू, मिश्री? आमच्या भागात हा प्रश्न विचारावाच लागतो. सकाळी डब्यातली मिश्री बोटावर घेऊन दातांना लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी खरेपणाने सांगतात. ही लावत नव्हती, सासूबाई लावत होत्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो सकाळच्या ठिकाणी कोणी विचारलाच नव्हता : “तुझी पाळी किती दिवसांनी येते?”

“बत्तीस, चौतीस, कधी पस्तीस.”

इथे सगळा हिशोब बदलतो. ४३ दिवस म्हणजे सहा आठवडे एक दिवस, हे गणित २८ दिवसांच्या पाळीचं. जिची पाळी ३४ दिवसांनी येते तिचं बीज आठवडाभर उशिरा सुटतं, म्हणजे गर्भही आठवडाभर लहान असतो. कागदावर सहा आठवडे असले तरी प्रत्यक्षात ती सव्वापाच-साडेपाच आठवड्यांची होती. आणि साडेपाच आठवड्यांना थैली रिकामी दिसणं यात काही वावगं नाही.

तपासणी केली. स्पेक्युलम लावून पाहिलं तर पिशवीचं तोंड बंद, त्यातून थोडं जुनं रक्त, तोंडावर जखम किंवा पॉलिप नाही. हे बघणं फार ठिकाणी राहून जातं. थेट सोनोग्राफीला पाठवतात आणि रक्त मुळात येतंय कुठून हेच कोणी पाहत नाही. मग गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालचा फॉर्म एफ भरला, तो प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीला भरावाच लागतो, आणि आतून सोनोग्राफी केली. पिशवीच्या अस्तरात एका बाजूला रुतलेली ९ मिलिमीटरची थैली. आत अंडपीतकाची पिशवी म्हणजे योक सॅक नाही, गर्भ नाही. नळ्यांच्या बाजूला गाठ नाही, पोटात पाणी नाही.

थैली रिकामी होती हे सकाळच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं. ‘वाढ नाही’ हे मात्र एका सोनोग्राफीत कोणालाच सांगता येत नाही. वाढ म्हणजे दोन वेळांमधला फरक, आणि इथे तर एकच वेळ होती.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. पूर्वी थैली २० मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नसला, किंवा गर्भ ६ मिलिमीटरचा होऊनही ठोके नसले, की निदान केलं जाई. मोजमापात माणसामाणसांगणिक थोडा फरक पडतो आणि तेवढ्या फरकात एखादा चांगला गर्भही मेलेला ठरू शकतो, हे लक्षात आल्यावर २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ही मर्यादा वाढवली गेली. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनीही तीच धरली : थैली २५ मिलिमीटर आणि गर्भ नाही, किंवा गर्भ ७ मिलिमीटर आणि ठोके नाहीत. त्याच्या खाली असेल तर थांबायचं. योक सॅक नसलेली थैली दिसली असेल तर दोन आठवड्यांनी, योक सॅक दिसली असेल तर अकरा दिवसांनीही ठोके नसले, तरच ‘गेलं’ म्हणायचं. हिची थैली होती ९ मिलिमीटर. २५ पासून कितीतरी दूर.

मी नवऱ्याला म्हणाले, “शेतात टोकण केल्यावर चौथ्या दिवशी उकरून बघता का?” तो म्हणाला, “नाही.” “मग उद्या सकाळी उपाशी जायचं नाही.”

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.८. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी आहे, त्यामुळे हा आकडा पाहून दचकले नाही, पण लक्षात ठेवला. कारण पुढे रक्त जास्त गेलं तर हिच्याकडे शिल्लक कमी होती. रक्तगट बी निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणात रक्तात वाढणारं संप्रेरक, ४,८००. योक सॅक दिसेपर्यंत ती थैली गर्भाचीच आहे याची शंभर टक्के खात्री नसते, म्हणून ४८ तासांनी पुन्हा तपासलं : ६,५००. म्हणजे ३५ टक्के वाढ. ३,००० च्या वर सुरुवात असेल तर दोन दिवसांत किमान ३३ टक्के वाढ अपेक्षित असते. हिची वाढ त्या रेघेच्या जेमतेम वर होती. हा आकडा मी तिला सांगितला आणि हेही सांगितलं की यावरून गर्भ जगेल की नाही ते कळत नाही. बारीकसा धीर वाटावा इतकंही त्यात नव्हतं, आणि खोटा धीर मला द्यायचा नव्हता.

विटा

दुसऱ्या तपासणीला ती आली तेव्हा हळूच म्हणाली, “मॅडम, आत्यांनी पलंगाच्या पायाखाली विटा लावल्यात.” पायथा उंच, डोकं खाली. दोन दिवस ती तशी पडून होती. उठायचं फक्त संडासला, तेही नणंदेला धरून.

विटा लावण्यामागे माया होती, हे मला पक्कं माहीत आहे. आपल्याकडे जुने डॉक्टरही हे सांगत आले. पण अंथरुणात पडून राहिल्याने गर्भपात टळतो असं कोणत्याही नीट केलेल्या अभ्यासात दिसलेलं नाही. गर्भ पिशवीत पिशवीच्या अस्तराला मुळं धरून असतो, तो फळीवरच्या बरणीसारखा घरंगळत नाही. उलट पडून राहिल्याने पायात रक्त गोठण्याची भीती, कंबर धरणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुढे काही झालंच तर ‘त्या दिवशी मी उठले होते’ हा सल. मी सासूबाईंना म्हणाले, “मावशी, विटा काढा. तिला घरात फिरू द्या. जड पोती उचलायची नाहीत, एवढंच.”

“मग धरून ठेवायचं इंजेक्शन तरी द्या.”

“तसं इंजेक्शन नाही.”

“टाका?”

टाका पिशवीचं तोंड सैल असेल तर घालतात, तोही तीन महिन्यांनंतर. सहाव्या आठवड्यात जे गर्भ जातात ते तोंड उघडं राहिल्यामुळे जात नाहीत. हे सगळं समजावायला वीस मिनिटं गेली. बाहेर ओपीडी तुंबली होती. तरी माझ्या मते या केसमधल्या उपचारांतला निम्मा भाग त्या वीस मिनिटांत झाला.

नववा दिवस

डाग अधूनमधून चालूच. सोनोग्राफीत थैली मोठी झालेली, योक सॅक आलेली, गर्भ ४ मिलिमीटर आणि त्यात ठोके. ती पडद्याकडे बघत होती. मी बोट ठेवून दाखवलं : तांदळाच्या कणीएवढं काहीतरी, आणि त्यात लुकलुकणारा ठिपका. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

पण मला मोजून आलेला आकडा आवडला नाही. मिनिटाला ८६. या वयात ठोके शंभरच्या खाली असणं चांगलं लक्षण नाही. शिवाय नऊ दिवसांच्या मानाने गर्भ तीन-चार दिवस मागे होता, आणि थैलीच्या कडेला रक्ताची छोटी गुठळी होती. मी तिला दोन्ही सांगितलं. ठोके आहेत हे खरं, आणि ते मंद आहेत हेही खरं. एक आठवड्याने परत बघू.

त्या दिवशी प्रोजेस्टेरॉन सुरू केलं, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, योनिमार्गात ठेवायचं. याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे हे औषध डाग लागलेल्या प्रत्येक बाईला सर्रास दिलं जातं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिझम या ब्रिटनमधल्या चाचणीत डाग लागलेल्या चार हजारांहून अधिक बायका होत्या. औषध घेतलेल्यांपैकी ७५ टक्के बायकांना जिवंत मूल झालं, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी ७२ टक्के. म्हणजे सरसकट सगळ्यांना देऊन ठाम फायदा दिसला नाही. पण ज्यांचे आधी गर्भपात झाले होते त्यांच्यात फरक दिसला, आणि तीन किंवा जास्त झालेल्यांमध्ये तो ५७ विरुद्ध ७२ असा मोठा होता. त्यावरून २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सल्ला दिला : गर्भ पिशवीत आहे हे सोनोग्राफीत दिसलं, डाग आहेत आणि आधी एक तरी गर्भपात झाला आहे, अशा बाईला हे औषध द्या, आणि ठोके असतील तर सोळा आठवड्यांपर्यंत चालू ठेवा. ही बाई त्यात बसत होती. पहिल्यांदा डाग लागलेली आणि आधी काही न झालेली असती तर मी दिलं नसतं. ज्याची मुळात घडणच चुकली आहे तो गर्भ हे औषध दुरुस्त करत नाही, हेही मी तिला त्याच वेळी सांगितलं.

सतरावा दिवस

रक्त थोडं वाढलं होतं, तरी ठरल्या तारखेच्या एक दिवस उशिरा आली. कारखान्यातून सुट्टी मिळत नव्हती.

गर्भ ८ मिलिमीटर. ठोके नाहीत. मी दोन मिनिटं तसाच पडदा धरून ठेवला. मग शेजारच्या गावातल्या सोनोलॉजिस्ट मैत्रिणीला बोलावून तिच्याकडूनही बघून घेतलं. ठोके थांबले हे निदान एकटीने करू नये असं मी पाळते, विशेषतः जिच्या पोटात ते आधी दिसले होते तिच्या बाबतीत.

तिला कपडे नीट करू दिले, खुर्चीत बसवलं, मग सांगितलं. ‘वाढ नाही’ असं मी म्हणाले नाही. “बाळाचे ठोके थांबलेत. परत सुरू होणार नाहीत” असं म्हणाले. गोलमोल बोललं तर बाई घरी जाऊन दुसऱ्या सोनोग्राफीची आशा धरून बसते.

थोड्या वेळाने सासूबाईंनी जे विचारलं, त्याची मी वाटच बघत होते. “म्हणजे त्या डॉक्टरांनी सतरा दिवसांपूर्वी सांगितलं तेच झालं ना? उगाच पोरीला हेलपाटे झाले.”

हा प्रश्न मला लागला, कारण वरून तो रास्त दिसतो. मी त्यांना म्हणाले, “मावशी, ज्यांची थैली पहिल्या दिवशी अशीच रिकामी होती आणि ज्यांचं बाळ आज दोन वर्षांचं आहे, अशा बायका माझ्याकडे आहेत. त्या दिवशी तुमच्या सुनेत आणि त्यांच्यात काही फरक दिसत नव्हता. त्या दिवशी सफाई केली असती तर पडलं की पाडलं हे कोणालाच कधी कळलं नसतं. मलाही नाही, तिलाही नाही.”

हीच बाई दोन वर्षं ‘स्कूटीनं पडलं’ हे ओझं घेऊन वावरत होती. तिच्या डोक्यावर आता ‘जिवंत असतानाच काढलं की काय’ हे दुसरं ओझं चढलं असतं. निदान खरं ठरलं म्हणून ते योग्य वेळी केलेलं ठरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या नव्या डॉक्टर मुलींना मी याच केसचे कागद दाखवते.

तीन वाटा

ठोके थांबले की घाई नसते. आपल्याकडे ‘विष होईल’ या भीतीने त्याच रात्री क्युरेटिंग करून घेतात. ताप नाही, घाण वास नाही, जोरात रक्त जात नाही, अशा बाईला विचार करायला वेळ आहे. थांबून बघितलं, गोळ्या दिल्या किंवा पिशवी साफ केली, तरी जंतुसंसर्गाचं प्रमाण साधारण सारखंच, शंभरात दोन-तीन, असं २००६ च्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीत दिसलं.

मी तिला तिन्ही वाटा सांगितल्या. एक : आपोआप पडायची वाट बघायची, एक-दोन आठवडे. दोन : गोळ्या. आधी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम, एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम योनिमार्गात. फक्त मिसोप्रोस्टॉल दिलं तर शंभरात सुमारे ६७ जणींचं पहिल्याच फेरीत पूर्ण पडतं, आधी मिफेप्रिस्टोन दिलं तर सुमारे ८४ जणींचं. तीन : भूल देऊन नळीने ओढून पिशवी रिकामी करणं, ज्याला आम्ही एमव्हीए म्हणतो. धारदार क्युरेटने खरवडणं मी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका असंच सांगते, कारण त्याने पिशवीचं अस्तर दुखावून आत चिकटण्याची भीती राहते.

तिने आठवडाभर थांबायचं ठरवलं. म्हणाली, “होऊ दे आपोआप.” मला त्यामागचं कळलं. तिला ते ‘पडायला’ हवं होतं.

हिमोग्लोबिन कमी, घर अठ्ठावीस किलोमीटरवर, म्हणून अटी घातल्या. घरात रात्री गाडी हवी. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, असं सलग दोन तास झालं, चक्कर आली किंवा ताप आला तर फोन न करता थेट निघायचं. हे मी नवऱ्याच्या मोबाइलमध्ये मराठीत टाइप करून दिलं. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, प्रोजेस्टेरॉन बंद केलं.

आठवड्यात काहीच झालं नाही, नुसते डाग. मग तीच म्हणाली, गोळ्या द्या.

मिफेप्रिस्टोन तालुक्यातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. चिठ्ठी दाखवली तरी मान हलते. गर्भ पाडायलाही हेच औषध वापरतात, म्हणून मेडिकलवाल्यांना चौकशीची भीती असते, आणि त्या भीतीचा भुर्दंड ज्यांच्या गर्भाचे ठोके कधीच थांबलेत त्या बायकाही भरतात. मी ते माझ्याकडेच ठेवते, नोंदवहीसकट.

सव्विसावा दिवस

सकाळी नऊला मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या ठेवल्या, सोबत दुखण्याची गोळी. अकराला थंडी वाजली, एकदा पातळ शौच झालं. दोन्ही अपेक्षित होतं, आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरली नाही. साडेबाराला कळा. दोनच्या सुमारास सिस्टरनी मला बोलावलं.

बाथरूममध्ये भांडं ठेवलेलं होतं. गुठळ्यांसोबत जे पडलं ते मी स्टीलच्या वाटीत घेतलं आणि वर स्वच्छ सलाइन ओतलं. रक्ताची गुठळी पाण्यात तशीच बसते, बोटाने दाबली की फुटते. गर्भाची वार तशी नसते. विहिरीतलं शेवाळ पाण्यात जसं उलगडतं तसे पांढरे मऊ तंतू पसरतात आणि तरंगत राहतात. ते दिसले की गर्भ पिशवीतलाच होता याची डोळ्यांना खात्री पटते.

ती दारात उभी होती. “मला बघू द्या.”

पूर्वी मी ‘कशाला बघतेस’ म्हणायचे. आता म्हणत नाही. तिने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, “एवढंच?” आणि थोड्या वेळाने, “मला वाटलं होतं हातपाय असतील.” मी सांगितलं की इतक्या लवकर ते असे दिसत नाहीत. तिने वाटीला हात लावून नमस्कार केला.

थोडा भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासणीला, द्राक्षगर्भ, म्हणजे वारेची द्राक्षांच्या घोसासारखी चुकीची वाढ, नाही ना हे बघायला. दुसरा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये पुण्याला, गुणसूत्रांच्या तपासणीला. तो फॉर्मॅलिनमध्ये गेला तर वाया जातो, ही चूक फार होते. गर्भ जाऊन बरेच दिवस झाले होते, पेशी वाढवून करायची तपासणी जमली नसती, म्हणून डीएनए वाचणारी मायक्रोअरे. खर्च काही हजारांत जातो. पहिल्याच गर्भपातानंतर मी ती सुचवत नाही. इथे दुसरा होता आणि तिला उत्तर हवं होतं. नवरा म्हणाला, “करू या. नाहीतर ही जन्मभर स्कूटी स्कूटी करत बसंल.”

रक्तगट निगेटिव्ह म्हणून, पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत यासाठी, ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिलं. बारा आठवड्यांच्या आतल्या गर्भपाताला त्याची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी मी देते. आमच्याकडे पाळीच्या तारखा पक्क्या नसतात, आणि हिला अजून एक मूल हवं आहे.

दोन आठवड्यांनी सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर १२ मिलिमीटर. रक्त थांबलेलं, दुखत नाही. अस्तर जाड दिसलं म्हणून ‘थोडं राहिलंय, साफ करू’ म्हणणं सोपं असतं. केलं नाही. पुढच्या आठवड्यात किट निगेटिव्ह आलं आणि महिन्याभरात पाळी.

अहवाल

फॉर्मॅलिनच्या अहवालात वार होती, द्राक्षगर्भ नव्हता. पुण्याचा अहवाल असा : १६ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त.

लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा असा घोटाळा असतो, आणि त्यात १६ व्याचा सगळ्यात जास्त वेळा. बीजांड पिकताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट सुटत नाहीत, एक जास्तीचं त्यात राहून जातं. वय वाढतं तसं हे वाढतं, म्हणून विशीत शंभरातल्या दहा-बाराच गरोदरपणांचा गर्भपात होतो, तर चाळिशीत सुमारे चाळीस. बाकी कारणं आहेतच : ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइड, अँटिफॉस्फोलिपिडचा (रक्तात गुठळ्या करणारा) विकार, पिशवीत मधोमध पडदा असणं, तंबाखू. स्कूटी त्यात नाही. एसटीचे धक्के नाहीत, पिकलेल्या पपईच्या दोन फोडी नाहीत, ग्रहणात विळीवर भाजी चिरणं नाही, नवऱ्याजवळ जाणं नाही.

मी कागदावर तेवीस जोड्या काढून दाखवल्या आणि सोळाव्या जोडीत तिसरी रेघ ओढली. “ही रेघ ज्या दिवशी बीज सुटलं त्याच दिवशी होती. तुला दिवस गेलेत हे तुला कळायच्या आधी. त्यानंतर तू काय खाल्लंस, कशावर बसलीस, याने ती पुसली गेली नसती.”

“मग आधीचं?”

“आधीचं कशाने गेलं ते आता सांगता येणार नाही. पण स्कूटीने नाही, हे सांगते.”

सासूबाई ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

मग तिने रजेचा दाखला मागितला, आणि खाली बघत म्हणाली, “त्यात गर्भपात नका लिहू. सुपरवायझर वाचतो. सगळ्या लाइनला कळंल. विचारतील, पडलं का पाडलं.”

पोट बिघडल्याचा दाखला दिला असता तर तिला चार दिवस मिळाले असते. गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने (आधी मातृत्व लाभ कायदा, १९६१, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) मिळते, आणि पगारातून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कापला जात असेल तर त्या योजनेतही सहा आठवड्यांचा लाभ आहे. पण त्यासाठी दाखल्यात खरं लिहावं लागतं. कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या बहुतेक पेशंटना हे माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्या या एका शब्दापायी मागत नाहीत. तिच्या पगाराच्या चिठ्ठीवर विम्याची कपात होती. झालेल्या तारखेपासून सहा आठवडे मोजून मी लिहिलं : ‘गर्भाच्या हृदयाचे ठोके थांबल्यामुळे आपोआप झालेला गर्भपात.’ तिने ते वाचलं, ‘आपोआप’ या शब्दावर बोट ठेवलं, आणि म्हणाली, “हे जरा ठळक लिहा ना.” मी त्याच पेनाने शब्दावरून पुन्हा दोनदा गिरवलं.

त्यानंतर थायरॉइड आणि साखर तपासली, दोन्ही ठीक. हिमोग्लोबिन १०.६ वर आलं. अँटिफॉस्फोलिपिडची पहिली तपासणी निगेटिव्ह आली, तीही नोंदवून ठेवली. ती पॉझिटिव्ह आली असती तर १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागली असती. पुढच्या वेळी पाळी चुकली की किती दिवसांनी यायचं, असं तिने विचारलं. मी तारखेचा हिशोब तिच्याच पाळीवर करून दिला : चुकल्यावर लगेच नाही, साडेसहा-सात आठवडे भरू देत, दुखलं किंवा अंगावरून गेलं तरच आधी. फॉलिक ॲसिड आत्तापासून. तिने फाइलच्या मागच्या पानावर ते स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं, ओढणी डोक्याला बांधली, आणि पर्समधून किल्ली काढत बाहेर गेली.